पडदा पाळण्याले लावा

परवा बर्डीच्या बाजारात ज्यूसच्या दुकानात उभी होते. शेजारी दोन माणसं मोसंबीचा रस पीत बोलत होती. विषय निघाला बेसाच्या आकाशपाळण्याचा. एक म्हणाला, "चांगला पाळणा होता बावा. एका म्हातारीनं बंद पाडला. तक्रारीवर तक्रारी केल्या म्हणे." दुसरा हसला. "काही लोकांले दुसऱ्याची मजा पाहवतच नाही."

माझं डोकंच सणकलं. ग्लास ठेवला आणि म्हटलं, "दादा, साफ खोटं बोलून राहिले तुम्ही. तुम्ही त्या बाईला पाहिलं होतं का? तो पाळणा तरी पाहिला होता का?" दुकानदारानं मिक्सर बंद केला. पुढं मी काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. रस अर्धा टाकून निघाले. दुकानात उभं राहून सगळं सांगता येत नाही, म्हणून इथं सांगते.

ती म्हातारी म्हणजे आमच्या गजभिये सिस्टर. माझ्या शेजारी, तीनशे एकमध्ये राहायच्या. सरकारी दवाखान्यात उभा जन्म वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या. नाव शकुंतला, पण बिल्डिंगमध्ये ते कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनाही आमची नावं ठाऊक नव्हती, किंवा असली तरी त्यांनी ती कधी वापरली नाहीत. वॉर्डात खाटेच्या नंबरानं हाक मारायची सवय, ती इथं फ्लॅटच्या नंबरावर आली. मी राहायला आले त्या दिवशी सामान अजून जिन्यात होतं आणि समोरून आवाज आला, "तीनशे दोन, काही खाल्लं का वं सकाळपासून? चेहरा पाह्य कसा झाला तुझा." पाठोपाठ कढी-गोळ्यांचं भांडं आलं. तेव्हापासून मी तीनशे दोन.

प्रेमळ म्हातारी वगैरे समजू नका हं. सिस्टर महाकटकट होत्या. पार्किंगमध्ये कोणाची गाडी तिरपी दिसली तर खालून वर नावानं, म्हणजे नंबरानं, उद्धार चालायचा. माझ्या सासूबाईंना साखरेचा त्रास. त्यांच्या हातातला बुंदीचा लाडू सिस्टरनी सगळ्यांसमोर काढून घेतला आणि वर म्हणाल्या, "पाय कापायचा आहे का?" सासूबाई दोन दिवस रडल्या. मी चिडून विचारायला गेले, तर सिस्टर शांतपणे वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "मी रागावून नाही राहिली वं. मी सांगून राहिली."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आवाज तिसऱ्या मजल्यावरून कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत जावा, समोरचा माणूस पार गळून जावा, आणि शेवटी हे. त्यांचं म्हणणं असं की रागावणं वेगळं आणि सांगणं वेगळं. रागावणारा स्वतःसाठी बोलतो, सांगणारा समोरच्यासाठी. हा फरक त्यांना फार महत्त्वाचा वाटायचा. आम्हाला दोन्ही सारखंच ऐकू यायचं, ते सोडा.

दुसरी गोष्ट म्हणजे घासणं. गजभिये काका कोराडीला वीज केंद्रात होते. सिस्टरचा सगळा संसार तिथल्या कॉलनीत झाला. तिथं राखड, म्हणजे जळलेल्या कोळशाची उडती राख. ओट्यावर राखड, वाळत घातलेल्या लुगड्यावर राखड, पाण्याच्या गुंडावर राखड. पहाटे उठून सगळं घासायचं, मग बसनं शहरात ड्यूटीला यायचं, संध्याकाळी परतल्यावर पुन्हा घासायचं. खिडकी म्हणून कधी उघडायची नाही. काका गेले, निवृत्ती झाली, मुलगी नोकरीला बंगळूरला गेली, तेव्हा सिस्टरनी पहिली गोष्ट काय केली, तर कोराडीपासून शहराचं पार दुसरं टोक गाठलं. बेसाला हा फ्लॅट घेतला. दाखवायला आलेल्या माणसाला त्यांनी ना लिफ्टचं विचारलं ना पाण्याचं. सैपाकघरात गेल्या, खिडकी उघडली, ओट्यावरून पांढरा रुमाल फिरवला आणि तो स्वच्छ निघाला तशा म्हणाल्या, "हेच घ्यायचं." ती खिडकी नंतर रात्रंदिवस उघडी असायची. समोर मोकळं मैदान होतं. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली लखलखीत मांडणी, आणि उघडी खिडकी. यापलीकडे त्यांना काही नको होतं, हे मी छातीठोकपणे सांगते.

त्या मैदानात सरकारनं पाळणा आणून उभा केला.

नाव काय ठेवलं, तर 'नगरदर्शन'! आता मला सांगा, बेसाच्या टोकाला, जिथं नगर संपतं, तिथून कोणतं नगर दिसणार आहे? एका बाजूला रिकामे प्लॉट आणि बाभळीची झुडपं. दुसऱ्या बाजूला ट्रान्सफॉर्मर. शहर ज्या बाजूला, तिथं एका स्कीमचा उंच टॉवर आधीच वर चढत होता, वर्षाच्या आत त्याची पाठ पुरी झाली. नळाच्या पायपांची आणि एसीच्या डब्यांची ती पाठ बघत लोकांनी नगरदर्शन घ्यायचं. आजूबाजूच्या प्लॉटांना भाव यावा म्हणून पाळणा इथं आणला असं लोक बोलायचे. खरंखोटं मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की जागा ठरवणारा माणूस त्या जागी कधी पाच मिनिटं उभा राहिला नव्हता. उभा राहिला असता तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

चौथी बाजू उरली ती आमची. पाळण्याची पेटी वर चढता चढता बरोबर सिस्टरच्या सैपाकघरासमोर यायची. मध्ये रस्ता आणि एक कडुनिंब, बस. पेट्यांना एसी बसवणार होते म्हणे, ते राहूनच गेलं. अर्ध्या दारावर जाळी, त्यामुळे आतल्यांचं बोलणं इकडं आणि इकडचं तिकडं आरामात ऐकू यायचं.

पहिल्याच रविवारी सिस्टर ओट्यापाशी सुकट भाजत होत्या. समोर पेटी आली. आतल्या एका पोट्ट्यानं नाक दाबलं आणि ओरडला, "आजी, वास येऊन राहिला!" सिस्टर सांडशी घेऊन खिडकीत आल्या. पेटीवर ठळक सात आकडा होता. "ए सात नंबर! खाली बस! लोंबकळून नको राहू, टाळकं फुटंल तुझं!" तो पोट्टा मुकाट्यानं खाली बसला. त्या दिवसापासून पाळण्याच्या पेट्या म्हणजे त्यांच्या खाटा झाल्या. आमच्या घरी जेवताना ऐकू यायचं, "नऊ नंबर, लेकराले आतून पकड." "चार नंबर, सेल्फी नंतर, आधी दार पाह्य लागलं का."

सोसायटीच्या सभेत सगळ्यांनी सुचवलं, सिस्टर, पडदा लावून घ्या. सिस्टर उभ्या राहिल्या. "पडदा मी काहून लावू? मी आधी आली इथं. पडदा पाळण्याले लावा!" सभा हसली. त्या हसल्या नाहीत. खिडकी उघडीच राहिली.

एकदा मला म्हणाल्या, "चाल वं तीनशे दोन, हे लोक पाहतात तरी काय, ते एकदा पाहून येऊ." आम्ही दोघी गेलो. पेटीत आमच्यासोबत खेड्यावरचं एक कुटुंब होतं, कुहीच्या पलीकडचं. दोन बस बदलून आले होते. धान निघाल्यावर लेकरांना पाळण्यात बसवायचं कबूल केलं होतं, असं ती बाई सांगत होती. पेटी चढली. झुडपं दिसली. ट्रान्सफॉर्मर दिसला. टॉवरची पाठ दिसली. लेकरं गप्प. बापाची पंचाईत झाली, काय दाखवावं त्याला समजेना. तेवढ्यात आमची बिल्डिंग आली आणि तो हुशारून बोट दाखवत म्हणाला, "ते पाहा, ते पाहा! त्या घरी कणीक मळून ठेवली आहे!" लेकरं जाळीला नाक लावून पाहायला लागली. "अन् ते काय आहे बाबा, काळं काळं?" पोरीनं विचारलं. ते सिस्टरचं पोतेरं होतं, ओट्याच्या कडेला टाकलेलं.

मी सिस्टरकडे पाहायचं टाळलं. खाली उतरल्यावर मात्र असा भडका उडाला की तिकीटवाला खिडकी लावून बसला. "दोन बस बदलून आले वं ते लोक! धान विकून आले! अन् यांनी त्यांले दाखवलं काय? माझं पोतेरं! लाज नाही वाटत?"

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून त्या पाळण्याच्या साहेबांकडे गेल्या. मी सोबत होते, म्हणून मला शब्दन् शब्द माहीत आहे. त्या म्हणाल्या, "साहेब, हा पाळणा इथून हलवा. एखाद्या तलावाच्या काठी लावा. लोकांले पाणी दिसंल, झाडं दिसतीन, गाव दिसंल. इथं काहीच नाही." साहेब मोबाइलमध्ये पाहत म्हणाले, "म्हणजे प्रायव्हसीची तक्रार आहे ना तुमची?" सिस्टर म्हणाल्या, "तक्रार नाही. मी सांगून राहिली." साहेबांनी मान डोलावली, चहा मागवला आणि दुसऱ्या माणसाशी बोलायला लागले. सिस्टरनी तो चहा घेतला नाही.

घरी येऊन त्यांनी काय केलं असेल? पडदा लावला असेल? अहो नाही! मांडणी खाली काढली. डबे, गुंड, परात, चिमटे, झारे, सगळं चिंच लावून घासलं. पोतेरं बाथरूममध्ये गेलं. खिडकीच्या गजाला मोगऱ्याची कुंडी बांधली, काठावर जागा केली आणि तिथं आपला एक जुना, खूप चकचकीत तांब्या ठेवला. मी विचारलं, "सिस्टर, हे कशासाठी?" तर माझ्यावरच खेकसल्या, "पाळणा हलेस्तोवर लोक तं येतीनच ना! त्यांले पाहायले दुसरं आहे का काही? घासलेली भांडी तरी दिसू दे." सणाच्या दिवशी त्या मुद्दाम ओट्यासमोर उभं राहून करंज्या तळायच्या. पेटी समोर आली की झारा वर उचलून करंजी दाखवायच्या. पेटीतून टाळ्या यायच्या. आणि लगेच, "टाळ्या नंतर! दार पकडा!"

एका उन्हाळ्यात, पाच वाजता वगैरे, लाइट गेली. पाळणा जागच्या जागी थांबला. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. सात नंबर खिडकीसमोर अडकला, आत एक पोटुशी बाई आणि तिचा नवरा. ऊन भाजत होतं. नवराच आधी घाबरला, जाळीला लाथा मारायला लागला, पेटी हेलकावे खायला लागली. खाली सगळे नुसते वर पाहत उभे. सिस्टर खिडकीत आल्या. "सात नंबर! तू, शर्टवाला! बसून राय एका जागी. लाथ मारशील तं उतरल्यावर माझी खाशील." तो बसला. मग आवाज एकदम उतरला. मी तो आवाज पहिल्यांदाच ऐकला. "बाई, तू माझ्याकडं पाह्य. कितवा महिना आहे? ... हं. पाय वर घे. लुगडं सैल कर, कोणी पाहून नाही राहिलं. शर्टवाल्या, दुपट्टा आहे का? डोक्यावर धर तिच्या. आता मले सांग, सकाळी काय खाल्लं?" ती बाई सांगायला लागली. सिस्टर एकेक विचारत राहिल्या, माहेर कुठलं, सासू कशी आहे, उलट्या कोणत्या वासानं होतात. लाइट येईपर्यंत त्या खिडकीतून हलल्या नाहीत. बाई सुखरूप उतरली. खाली येऊन तिनं वर पाहून हात जोडले, तर सिस्टर ओरडल्या, "घरी जा आता! अन् नऊ महिने पुरे होईस्तोवर पाळण्यात बसू नको, भैताड कुठली!"

सांगा मला, ही बाई पाळणा बंद पाडणारी होती?

पाळणा बंद पडला तो माणसं येईनाशी झाली म्हणून. एकदा आलेला दुसऱ्यांदा येत नव्हता. कशाला येईल? पावसाळ्यात पेट्या गळायला लागल्या, चाकाला कुरकुर सुटली, ठेकेदार पळाला. हे सगळं आम्ही खिडकीतून रोज पाहिलं. पण असं कोण सांगणार की बाबांनो, आमची जागा चुकली? त्यांना कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं होतं आणि कोणीतरी आयती मिळाली. फाटकाला निळ्या पत्र्याचा बोर्ड लागला. 'नागरिकांच्या तक्रारींमुळे हा पाळणा कायमचा बंद करण्यात आला आहे.' नागरिक कोण, तर साहेबांनी पत्रकाराला बोटानं बिल्डिंग दाखवली, मजला दाखवला. दुसऱ्या दिवशी उघड्या खिडकीचा फोटो छापून आला. झालं! मोबाइलवर फोटो फिरला. भाजीवाला म्हणाला, "सिस्टर, गरिबाची मजा काहून बंद केली जी?" आमच्याच बिल्डिंगमधले लोक, सभेत पडद्याच्या गोष्टीवर हसलेले, लिफ्टमध्ये गप्प व्हायला लागले. मुलीचा बंगळूरहून फोन आला, "आई, तुला काय गरज होती?"

सिस्टर प्रत्येकाला सांगायच्या, "मी बंद करा नाही म्हटलं. मी हलवा म्हटलं." त्यांचं कोणी ऐकून घेतलं नाही. साहेबांकडे तीन खेपा झाल्या. बोर्ड बदला, एवढंच त्या मागत होत्या. साहेब भेटलेच नाहीत. आयुष्यभर जिचं बोलणं डॉक्टरही ऐकून घ्यायचे, ती बाई बाकड्यावर बसून परत यायची.

दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी त्यांची मोठी बहीण, भागरथाबाई, गावाहून आली. सत्तरी पार केलेली, शेतावर राबून वाकलेली. दरवर्षी ती सिस्टरकडेच उतरायची. या खेपेला तिला पाळण्यात बसायचं होतं. शकूची खिडकी पाळण्यातून कशी दिसते, हे तिनं गावात सगळ्यांकडून ऐकलं होतं. सिस्टरनी बंद झाल्याचं तिला सांगितलंच नव्हतं. म्हातारी एकटीच खाली उतरून फाटकापाशी गेली. तिला वाचता येत नव्हतं, चौकीदारानं बोर्ड वाचून दाखवला आणि कोणी केलं तेही सांगितलं. ती वर आली तेव्हा मी तिथंच बसले होते. दारात चप्पल काढत ती म्हणाली, "शकू, तुह्यामुळं बंद पडला म्हणते वं तो. खरं व्हय का? तू तं अशी नव्हती."

सिस्टरनी उठून घासलेलीच परात पुन्हा घासायला घेतली.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. थंडीत एका सकाळी ओट्यापाशीच गेल्या, नळ चालू होता. पांढऱ्या कपड्यातली माणसं जमली, वंदना झाली. तिथंही मागच्या रांगेत कोणीतरी कुजबुजलं, "पाळणा बंद करणाऱ्या बाई ह्याच का?" मी मागं वळून पाहिलं तसा तो गप्प झाला. तीनशे एकमध्ये आता दुसरे लोक आहेत. त्यांनी खिडकीला काळी काच लावली आहे. पाळणा तसाच गंजत उभा आहे आणि बोर्ड पाळण्यावाल्यांनी नवा रंगवून घेतला, तीच ओळ, तीच अक्षरं. चाकाला ग्रीस लावायला यांच्याकडं माणूस नव्हता, बोर्ड रंगवायला मात्र बरोबर मिळाला.

पण मला सिस्टर दिसतात त्या ओट्यापाशी नाही. बहिणीला गावच्या बसमध्ये बसवून आल्या, त्या दुपारच्या दिसतात. मी ऑफिसातून लवकर परतत होते. फाटकासमोर पाचसहा माणसं जमलेली. मधे प्लास्टिकच्या स्टुलावर गजभिये सिस्टर उभ्या. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, पदर खोचलेला, हातात तारेची घासणी. खाली बादली. त्या बोर्ड घासत होत्या. कोराडीची राखड काढावी तशा, कोपरापासून जोर लावून. चौकीदार हात जोडून म्हणत होता, "सिस्टर, नका करू जी, माझी नोकरी जाईन." तेवढ्यात साहेबांची गाडी आली. काच खाली झाली. "ओ बाई! सरकारी बोर्ड आहे तो! काय चाललंय?"

सिस्टरनी मान वळवली नाही.

"मी रागावून नाही राहिली साहेब. मी घासून राहिली." मग तशाच, मला कधी पाहिलं कोण जाणे, "तीनशे दोन, उभी काय राहिली? पाणी टाक वरून."

मी स्कूटी लावली. बादली उचलली आणि पाणी टाकलं. निळा रंग ओघळून त्यांच्या बाहीत गेला. पहिले दोन शब्द गेले. पत्रा तिथं चकचकीत दिसायला लागला. सिस्टर स्टुलावरून उतरल्या, दोन पावलं मागं सरल्या. चष्मा ओला झाला होता. मला म्हणाल्या, "वाच आता. मोठ्यानं वाच, साहेबांले ऐकू आलं पाहिजे."

मी वाचलं. "हा पाळणा कायमचा बंद करण्यात आला आहे."

"हं. आता खरं झालं," त्या म्हणाल्या, आणि स्टूल उचलून घरी गेल्या.